आतल्या बाजूची रेघ

मित्रांनो, मी एक जुना, रुंद आणि फाटका टायर आहे. या तीन शब्दांपैकी जुनेपणाचे मला काही वाटत नाही. जुने सगळ्यांनाच व्हायचे असते. फाटल्याचे दुःखही आता ओसरले आहे. पण 'केवढा रुंद आहे हा!' असे कुणी म्हणाले की मला मेल्याहून मेल्यासारखे होते. एके काळी हेच शब्द ऐकण्यासाठी माझे कान आसुसलेले असत.

माझी कहाणी पराक्रमाची नाही. जे घडले ते माझ्यामुळे घडले, आणि जे लपवले गेले ते माझ्याच अंगावर लपवले गेले. म्हणून ती मीच सांगायला हवी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, काजळी, पोलादी तारा आणि कापडाचे थर एकावर एक चढवून मला साच्यात घातले. साच्यातून बाहेर आलो तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या. माझ्या पाठोपाठ माझा जुळा भाऊ आला. आमच्या अंगावर माप कोरलेले होते, दोनशे पंच्याण्णव मिलिमीटर. तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्यावर थाप मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, "अगं बाई, हा टायर आहे की लोड?" दोघी हसल्या. मी मात्र मनोमन फुगलो. सडपातळ टायर रांगेने पुढे जात होते, त्यांच्याकडे मी वरून पाहू लागलो. ती माझी पहिली चूक.

माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली होती. तीवर माझे माप होते आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की मला निदान दहा इंच रुंदीची रिम लागते. ती चिठ्ठी मला पदवीसारखी वाटायची. ती पदवी नव्हती, सूचना होती, हे मला फार उशिरा कळले.

तिथून मी ज्या दुकानात आलो ते एका रस्त्याच्या कोपऱ्यावर होते. पुढे गाड्या उभ्या करायला फरशी, आत चाके टांगायला खुंट्यांची भिंत, पंक्चर शोधायला पाण्याचे टाके आणि एका कोपऱ्यात चाकांचा तोल बघायचे यंत्र. दुकानाच्या मालकांना सगळे उस्ताद म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी टायर बसवले होते. टायरवर मूठ आपटून, नुसत्या आवाजावरून ते हवा किती आहे ते सांगत, आणि मीटर लावून पाहिले तर आकडा तोच निघे.

उस्तादांना दोन मुले. थोरली मुलगी, तिला घरात आणि दुकानात सगळे ताई म्हणत. तिच्याहून चार वर्षांनी लहान मुलगा, वय सव्वीस. तो एका जागी कधी ठरत नसे, म्हणून त्याचे नाव पडले होते भिंगरी. ताई मोजल्याशिवाय पाऊल टाकत नसे आणि भिंगरी पाऊल टाकल्याशिवाय विचार करत नसे. तरी दोघांचे सूत चांगले जमे. दोघांनी मिळून एक ठोकलेली, दोन दारांची, दणकट इंजिनाची लाल गाडी आणली होती आणि तीन वर्षे रोज दुकान बंद झाल्यावर खपून ती उभी केली होती. इंजिन ताईचे आणि रंग भिंगरीचा, असे दोघे सांगत.

शहराबाहेर एक बंद पडलेली विमानांची धावपट्टी होती. तिथे महिन्यातून एकदा गाड्यांची शर्यत व्हायची. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचे. लाल गाडी दर वेळी चौथी नाहीतर पाचवी यायची. इंजिनात ताकद भरपूर होती, पण मागचे टायर अरुंद. निघताना ते जागच्या जागी भिरभिरत आणि तिथेच अर्धा-पाऊण सेकंद हातचा जाई. मागे रुंद टायर हवेत, हे दोघांनाही पटले होते. किती रुंद, यावर मात्र वाद होता.

मी तेव्हा नव्या मालाच्या रांगेत उभा होतो. त्यांचे बोलणे माझ्यासमोरच झाले.

"दोनशे पासष्टपर्यंत जाता येईल," ताई म्हणाली. ती गाडीखालून नुकतीच बाहेर आली होती आणि तिच्या कपाळाला काळे लागले होते. "तेही नव्या नऊ इंची रिम घेऊन. त्याच्यापुढे आत जागाच नाही."

"पहिल्या येणाऱ्या गाडीचे मागचे टायर बघितलेस का? वर आडवं होऊन झोपता येईल."

"त्या गाडीचं मडगार्डपण तेवढंच रुंद आहे, भिंगरी. दुसऱ्याचे बूट छान दिसतात म्हणून आपल्या पायात बसत नाहीत."

 भिंगरीची नजर माझ्यावर आली आणि तिथेच राहिली. मलाही ते आवडले, हे कबूल करतो.

पुढच्याच आठवड्यात मावशीच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि ताई तिच्या मदतीला आठ दिवस गेली. तिसऱ्या दिवशी भिंगरीने मला आणि माझ्या भावाला रांगेतून बाहेर काढले. माझ्या पाठीवरची चिठ्ठी त्याने वाचली. मला ठाऊक आहे, कारण रिमच्या ओळीपाशी त्याचा अंगठा थांबला होता. गाडीची रिम साडेआठ इंचांची होती. त्याने चिठ्ठी नखाने खरवडून काढली, तिची गोळी केली आणि खिशात टाकली.

मित्रांनो, लठ्ठ माणसाला अरुंद खुर्चीत कोंबावे तसे मला त्या रिमवर कोंबले. माझे पोट दोन्ही बाजूंनी बाहेर ओघळले. गाडी जॅकवर उचललेली होती, त्यामुळे चाक मोकळे खाली लोंबत होते. त्याने माझ्या आणि आतल्या पत्र्याच्या मध्ये हात घातला. हात सहज गेला. "बसतंय की!" तो स्वतःशीच म्हणाला.

लोंबणाऱ्या चाकाला जागा भरपूर दिसतेच. खरी परीक्षा चाक जमिनीवर टेकल्यावर असते. गाडीत माणसे बसली, सामान चढले, रस्त्यात खड्डा आला की गाडी खाली दबते, चाक वर जाते आणि त्याचा माथा किंचित आत झुकतो. आतल्या पत्र्याला जिथे जोड होता तिथे एक धारदार कड होती. ती कड माझ्या अंगापासून किती दूर आहे हे तेव्हा मोजायला हवे होते. त्याने मोजले नाही. गाडी खाली उतरवली, चार पावले मागे गेला आणि कौतुकाने पाहत राहिला. समोरच्या काचेत मला माझेच रूप दिसले. लाल मडगार्डखाली मी काळाभोर, टम्म, भारदस्त दिसत होतो. मीही मोजले नाही. माझे माप माझ्या अंगावरच लिहिलेले असून मी गप्प राहिलो.

ताई परत आली. गाडीभोवती एक चक्कर मारून ती माझ्यासमोर वाकली.

"हे दोनशे पंच्याण्णव आहेत ना?"

"हो. बसले ना पण! बघ की."

"मोजलंस?"

"मोजलं."

"वजन टाकून?"

"हो गं ताई. दोघांना मागे बसवून मोजलं. चांगली बोटभर जागा आहे."

ताईने त्याच्याकडे पाहिले. एरवी तिने स्वतः खाली शिरून पट्टी लावली असती. पण आठ दिवसांचे काम साचले होते, फरशीवर तीन गाड्या उभ्या होत्या, आणि तो तिचा सख्खा भाऊ होता. "बरं," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

सरावाच्या वेळी भिंगरी एकटाच गाडीत असे. हलक्या गाडीत मी बहुधा मोकळा फिरायचो. पण एकदा गतिरोधकावरून गाडी उडाली आणि खाली दबली, तेव्हा आतली कड माझ्या अंगाला लागली. खस्स असा आवाज झाला. भिंगरीने मान वळवली. मग हात पुढे करून त्याने गाणी मोठी केली. संध्याकाळी त्याने मडगार्डच्या आत बॅटरी मारली. तिथे माझ्या अंगाची काळी पूड पडली होती. त्याने ती फडक्याने पुसली आणि फडके टाकून दिले.

मित्रांनो, मला दुखत होते. पण माझे कौतुक चालले होते, आणि कौतुकाच्या भरात दुखणे अंगावर काढायची वाईट खोड मला लागली होती.

शर्यतीच्या दिवशी मी धावपट्टीला असा चिकटून निघालो की गाडी बाणासारखी सुटली. अर्ध्या सेकंदाने भिंगरी पहिला आला. लोक गाडीच्या मागे जमले. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, कुणी वाकून फोटो काढले. "टायर बघा टायर!" असे जो तो म्हणत होता. उस्ताद आणि त्यांची बायको खास पाहायला आले होते. उस्ताद मुलाचा चषक हातात धरून असे हसत होते की चाळीस वर्षांचा शीण उतरला असावा.

दुपारी परत निघताना भिंगरीला मित्रांनी थांबवून घेतले. तो म्हणाला, "ताई, आईबाबांना तू घेऊन जा. मी मागून येतो."

गाडीत ताई चालवायला बसली. उस्ताद तिच्या शेजारी, मांडीवर चषक. मागच्या अरुंद बाकावर आई. डिकीत जॅक, अवजारांची जड पेटी आणि जुने दोन अरुंद टायर. गाडी इतकी दबली की आतली कड माझ्या अंगाला टेकली ती टेकलीच. आता अधूनमधून नाही, प्रत्येक फेऱ्याला ती मला कापत होती. खस्स, खस्स, खस्स. बाहेर वारा होता, ताई इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष देत होती आणि आई मागून काहीतरी आनंदाने सांगत होती.

पुढे मोरीजवळ एक वळण होते. ताई गाडी बेताने चालवत होती, हे मी छातीठोकपणे सांगतो. वेग चाकाला जितका कळतो तितका दुसऱ्या कुणाला कळत नाही. त्या वळणावर तिने वेग आणखी कमी केला. तरीही सगळे वजन माझ्या बाजूला आले, मी वर दाबला गेलो, आणि आतल्या बाजूने फाटलो.

गाडी गर्रकन फिरली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. आईचा चष्मा फुटला, तिला दुसरे काही झाले नाही. ताईला खरचटले. उस्तादांनी चषक सोडला नव्हता. त्यांचे उजवे मनगट चषकाच्या आणि दाराच्या मध्ये सापडून मोडले. ज्या हाताने ते टायर बोलते करत, तोच हात.

रस्त्यावर माणसे जमली. सगळ्यांना घेऊन कुणीतरी दवाखान्यात गेले. मागे राहिलेले लोक गाडीभोवती फिरून निदान करू लागले. एक म्हणाला, "चालवत कोण होतं?" दुसरा म्हणाला, "बाई होती." तिसरा म्हणाला, "मग बरोबर आहे. एवढ्या ताकदीची गाडी काय त्यांचं काम?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आतल्या बाजूने वाकून एकानेही पाहिले नाही.

थोड्या वेळाने भिंगरी क्रेन घेऊन आला. धावत येऊन तो थेट माझ्यापाशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात मागे, आतल्या बाजूला घातला. तिथे सुरीने कापल्यासारखी एक सरळ, चकचकीत रेघ माझ्या अंगाभोवती पूर्ण वेढा घालून गेली होती. त्याचे बोट त्या रेघेत बसले. 

दुकानात आल्यावर त्याने मला आणि माझ्या भावाला उतरवले. भावाच्या अंगावरही तीच रेघ होती, फक्त तो फुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी भंगाराची गाडी आली तेव्हा भावाला त्याने तीत टाकले. मलाही उचलले होते, पण दारापर्यंत नेऊन परत आणले. का, ते मला सांगता येणार नाही. बहुधा त्यालाही सांगता आले नसते. त्याने मला मागच्या कोपऱ्यात ठेवले आणि रेघेची बाजू भिंतीकडे केली.

त्याच संध्याकाळी ताई दवाखान्यातून दुकानात आली. कोपरापर्यंत पट्टी बांधलेली. एका उलट्या खोक्यावर ती बसली.

"टायर बघितलास का रे? काय झालं होतं?"

भिंगरी माझ्यासमोर उभा होता. त्याने जागा सोडली नाही.

"काही नाही गं. वळणावर वेग झाला असेल. गाडीत वजन होतं ना."

 "असेल," ती म्हणाली. "मला वाटलं मी हळू होते."

मित्रांनो, मी अनेक खडबडीत रस्त्यांवरून गेलो आहे, पण त्या पाच शब्दांनी मला जितके सोलले तितके कोणत्याही खडीने सोलले नाही. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, असे म्हणणे सोपे आहे. तोंड असलेला भिंगरी तिथेच उभा होता आणि गप्प होता.

त्यानंतर चार महिने मी भिंतीकडे तोंड करून काढले. कडेने अर्धेमुर्धेच दिसायचे, पण ऐकू सगळे येत होते. उस्तादांचे मनगट जुळले, पण दोन बोटे पुरती मिटेनात. ते दाराशी खुर्चीवर बसून रबरी चेंडू दाबत राहत. ताईने गाडी चालवणे सोडले. गिऱ्हाइकाची गाडी दोन हात मागे घ्यायची असली तरी ती किल्ली भिंगरीला द्यायची. "तूच घे रे," म्हणायची. तो मुकाट्याने घ्यायचा. मोजमापाची पट्टीही तिने खाली ठेवली होती. ती वहीत मापे लिहायची आणि फोन घ्यायची, एवढेच. भिंगरीचे नाव भिंगरी राहिले होते, पण त्याचे फिरणे थांबले होते. भंगाराची गाडी दर पंधरवड्याला यायची. दर वेळी तो माझ्यापर्यंत यायचा आणि हात न लावता परत जायचा.

मग एके सकाळी दातांचे एक डॉक्टर आपली नवी वेगवान गाडी घेऊन आले. गाडीत मागे त्यांची बायको होती आणि तिच्या मांडीवर लहान मुलगी. डॉक्टरांना मागे दोन मापे रुंद टायर हवे होते.

"बसतील ना?" त्यांनी विचारले.

"बघावं लागेल," भिंगरी म्हणाला.

"अहो, बसवा हो. मी ऐकलंय, तुमच्याकडच्या कुणा बाईंनी वळणावर गाडी उडवली होती म्हणे. घाबरू नका, मला गाडी चालवता येते." आणि ते मोकळेपणाने हसले. ती बाई तीन हातांवर वही घेऊन बसली आहे, हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हते.

ताईचे पेन थांबले. तिने मान वर केली नाही. पान उलटले, आणि उलटलेल्या कोऱ्या पानाकडेच पाहत राहिली.

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. भिंगरी माझ्याकडे आला. त्याने मला दोन्ही हातांनी धरून वळवले. चार महिन्यांनी माझ्या आतल्या बाजूवर उजेड पडला. मला लपायला जागा नव्हती. त्याने मला घरंगळत फरशीच्या मध्यभागी आणले आणि आडवे पाडले.

"गाडी तिने उडवली नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "हा टायर मी बसवला होता. ही रेघ बघा. आतल्या पत्र्याने कापलाय. बसत नव्हता, तरी मी बसवला. ताईने विचारलं तेव्हा मोजलं म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. आणि फुटल्यावर ही रेघ बघितली, तरी मी तिला म्हणालो की वेग झाला असेल."

 डॉक्टरांचे हसू चेहऱ्यावरच विरले. ताई उठली. माझ्यापाशी बसून तिने एक बोट रेघेत घातले आणि सावकाश पूर्ण फेरी मारली.

"दोघांना मागे बसवलं म्हणाला होतास," ती म्हणाली. "कुणाला बसवलं होतंस?"

"कुणालाच नाही."

ताईने बोट काढून घेतले. मग ती डॉक्टरांकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही उद्या सकाळी या. गाडीत नेहमी जितकी माणसं बसतात तितकी सगळी घेऊन या. सामानही आणा. मोजते आणि सांगते."

डॉक्टर "हो, हो" म्हणत गेले. तेव्हा दाराजवळच्या खुर्चीतून उस्ताद बोलले.

"त्याला एकट्याला बोलू नकोस. आवाज मी ऐकला होता."

दोघांनी वळून पाहिले.

"येताना, गाडीत. पेट्रोल पंपापासून येत होता. टायर घासतोय हे मला नाही कळणार? चाळीस वर्षं काय केलं मी? पण मांडीवर चषक होता. म्हटलं, पोराचा आजचा दिवस आहे, कशाला मोडता घाला, घरी गेल्यावर बघू. गाडी थांबव एवढे दोन शब्द बोललो नाही." त्यांच्या हातातला चेंडू खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. "आणि नंतर लोक तुला बोलले, तेव्हाही नाही बोललो. हात मोडला म्हणून सगळे माझी कीव करत होते. मी करून घेतली."

ताई वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मी डोळे मिटले की ते वळण येतं, बाबा. दर वेळी मी आणखी हळू घेते. पार चालत गेल्यासारखी घेते. तरी टायर फुटतोच. मला वाटायचं, माझं कुठे चुकतंय ते मला अजूनही कळत नाही. आणि तुम्हा दोघांना माहीत होतं."

तिने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. तिच्या मागे जायची दोघांपैकी कुणाची छाती झाली नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती आली. गिऱ्हाइकाला शब्द दिला होता ना! भिंगरीशी ती कामापुरते बोलली. "जॅक काढ. गाडी जमिनीवर हवी. आता यांना बसव." डॉक्टर पुढे बसले, बायको आणि मुलगी मागे, डिकीत सामान. मग ती दिवा घेऊन खाली शिरली. आत किती जागा आहे, बाहेरच्या कडेला किती आहे, रिम किती रुंद आहे, टायरची उंची बदलते का, हे सगळे तिने पाहिले आणि एकेक आकडा मोठ्याने सांगितला. शेवटी बाहेर येऊन म्हणाली, "एक माप रुंद चालेल. दोन नाही. चाक खड्ड्यात जाऊन वर येतं, तेव्हासाठी बोटभर जागा मोकळी ठेवावीच लागते."  जाताना ते ताईपाशी थांबले आणि म्हणाले, "काल मी बोललो ते चुकलं." ताईने मान हलवली.

भिंगरीने धावपट्टीवर जाऊन चेपलेला चषक परत केला. शर्यतीत नाव देताना टायर मोजून बसवले आहेत अशा कागदावर त्याने सही केली होती, तेही त्याने सगळ्यांसमोर सांगितले. ताईबद्दल जिथे जिथे बोलणे झाले होते त्या सुट्या भागांच्या दुकानात, चहाच्या टपरीवर आणि रंगाच्या कारखान्यात तो स्वतः गेला. काही जण त्याला म्हणाले, "जाऊ दे रे, कोण लक्षात ठेवतंय?" तो म्हणाला, "ती ठेवते."

लाल गाडी दुरुस्त झाली. मागे आता नऊ इंची रिम आणि दोनशे पासष्टचे टायर आहेत. ते बसवण्याआधी आई, बाबा आणि अवजारांची पेटी गाडीत बसवून ताईने मोजले. पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना तिने किल्ली लावली, बंद केली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा गाडी फरशीवरून खाली उतरली. शर्यतीत ती आता तिसरी येते.

मला फेकून द्यावे असे आईचे म्हणणे होते. ताई म्हणाली, "राहू दे." तिने माझा हातभर तुकडा कापून घेतला आणि तो टेबलावर ठेवला. बाकीचा मी मागच्या अंगणात आहे. कुणी दिसायला छान म्हणून रुंद टायर मागायला आले, की ती तो तुकडा त्याच्या हातात देते. लोक माझ्या रेघेत बोट घालतात. दर वेळी मला लाज वाटते. वाटायलाच हवी.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. उद्या तुमच्या हाती गाडी आली, तर तिला शोभेल त्यापेक्षा तिला बसेल ते घ्या. मोजायचे तर रिकाम्या, लोंबत्या चाकावर मोजू नका. सगळ्यांना गाडीत बसवून, जमिनीवर मोजा. घासल्याचा आवाज आला तर गाणी मोठी करू नका, गाडी थांबवा. आणि तुमची चूक दुसऱ्याच्या माथ्यावर बसलेली दिसली, तर चार महिने वाट पाहू नका.

इथे मी थांबणार होतो. पण परवाची एक गोष्ट सांगायची राहिली.

त्या दिवसापासून दुकानात एक रीत पडली आहे. भिंगरी माप घेतो आणि त्याच्यामागून ताई तेच माप पुन्हा घेते.  तो पट्टी तिच्या हातात देतो आणि बाजूला उभा राहतो. याला आता वर्ष होत आले. परवा फरशीवर गर्दी होती. ताई वही घेऊन उभी होती आणि भिंगरी एका गाडीखाली होता. त्याने आतून आकडा सांगितला, "चौदा." मग सवयीने बाहेर आला आणि पट्टी तिच्यापुढे धरली.

ताईने पट्टी घेतली नाही. "चौदा," तिने लिहिले. "पुढचं सांग."

त्याने पुढचे माप सांगितले. मग हात धुवायचे निमित्त करून तो मागच्या अंगणात आला. नळ सोडून तो माझ्याशेजारी उभा राहिला. पाणी बराच वेळ नुसतेच वाहत होते.